भरल्या गाडीची परीक्षा

लातूरच्या एका दैनिकात मी बरीच वर्षे जिल्ह्यातल्या बातम्या तपासून पानात लावत असे. ती आवृत्ती बंद झाली. चाळिशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोणी घेईना, म्हणून मी जड वाहनाचा परवाना काढला आणि एका डाळमिलच्या ट्रकवर जुन्या ड्रायव्हरचा जोडीदार म्हणून बसलो. मोकळा, सपाट रस्ता लागला की तो मला स्टिअरिंग देई. चढ-उतार आला की काढून घेई. परवाना माझ्या खिशात होता, ट्रक त्याच्या हातात.

पूर्ण ट्रक माझ्या ताब्यात द्यायला तयार झालेला पहिला माणूस नांदेडचा. दैनिक चालू असताना आमचे गठ्ठे त्याच्या टेम्पोतून गावोगाव जात. त्याला सगळे भाई म्हणत, मीही म्हणत असे. आता त्याचे स्वतःचे ट्रक होते. त्याने फोन केला. "पत्रकार साब, दुसऱ्याच्या बाजूला बसून किती दिवस हवा खाणार? या नांदेडला. गाडी देतो."

काम किनवट भागात सिमेंट पोचवण्याचे होते. शेवटचा टप्पा जंगलातून जातो, तिथे वळणांचा लांब उतार आहे. आधीचा ड्रायव्हर काम अर्धवट टाकून गेला होता. का, असे विचारल्यावर भाई म्हणाला, "त्याला घरची याद आली."

बायको घरी शिलाईकाम करते. मशीन न थांबवता तिने विचारले, "भाईला तुमची आठवण आली, का गाडीला ड्रायव्हर मिळंना म्हणून आली?"

काम नाकारले तर नवख्या माणसाला दुसरा कोणी ट्रक देईल अशी चिन्हे नव्हती. जोडीदाराच्या जागेवर म्हातारे झालेले लोक मी ढाब्यांवर पाहिले होते. आणि स्वीकारले तर तो उतार होता. 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला' हे वाक्य मी अनेकदा पानात लावले होते.

नांदेडला गेलो. ट्रक धुऊनपुसून उभा होता, मागच्या फळीवर नवा रंग. रिकामा ट्रक मी बाह्यवळण रस्त्यावर फिरवून आणला. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, ब्रेक पाय ठेवताच लागत होते. परत आल्यावर भाईने चहा मागवला आणि चावी पुढे केली. "घ्या. बिस्मिल्ला करा."

मी हात पुढे केला होता. तो तसाच थांबला.

माझे गाव देवणी तालुक्यातले. आमच्याकडे बैल घेताना दात पाहतात, खूर पाहतात, चालवून पाहतात, पण तेवढ्यावर सौदा होत नाही. बैल गाडीला जुंपतात, गाडीची चाके दोराने बांधतात आणि वर माणसे बसवतात. बांधल्या चाकांची गाडी बैल कशी ओढतो, ते पाहून मगच खरेदी. बसणाऱ्यांत विकणारा असलाच पाहिजे. त्याचा बैल, त्याने त्याच्या मागे बसावे. याचा राग कोणी मानत नाही. माझे वडील तर सोयऱ्याचा बैल अधिक कसून पाहत. म्हणत, "परक्याचा बैल खोटा निघाला तर भांडता येतं. सोयऱ्याचा निघाला तर जन्मभर वैरण घालावी लागती."

भाई हा माझा सोयरा नव्हता, पण भांडता येणार नाही इतकी ओळख होती. आणि मी त्याचा बैल रिकामाच चालवून पाहिला होता.

"भाई, भरून बघतो," मी म्हणालो. "खदानीत गिट्टी भरू आणि तिथल्या उतारावरून खाली आणू. तुम्ही शेजारी बसायचं."

"ओळखीत तपासणी?"

"ओळखीतच करतात आमच्याकडं, बैल घेताना."

"मी मालक हाय, साब. क्लीनर न्हाई."

"मालकच बसतो. क्लीनरला कशाला त्रास?"

चावी त्याच्या हातात तशीच होती. चहा आला. अर्धा कप संपवून तो म्हणाला, "देवणीचे लोक पोरगी बी अशीच बघता का?"

"पोरगी न्हाई. जावई बघतो."

तो हसला आणि केबिनमध्ये चढला.

खदानीचा रस्ता शहराबाहेर, टेकडीवरून सरळ खाली उतरणारा. पायथ्याशी सपाट पडीक माळ आहे. उतार मी त्यासाठीच निवडला होता. काही झाले तर ट्रक माळावर जाऊन थांबला असता. जुना ड्रायव्हर सांगे, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. मी दुसऱ्या गिअरमध्ये सुरुवात केली. गिट्टीचे वजन पाठीमागून ढकलत होते. पहिल्यांदा ब्रेक लागले. पुन्हा लागले. निम्म्या उतारावर मी पाय तेवढाच दाबला आणि वेग कमी झाला नाही. पाय पूर्ण दाबला. जळका वास केबिनमध्ये आला.

भाईने डॅशबोर्ड धरला. "साब, ब्रेक मारा!"

"मारलाय."

मी गिअरला हात लावला नाही. न्यूट्रल झाला असता तर ट्रक आमचा राहिला नसता. इंजिन ओरडत होते, पण ट्रकला धरून होते. रस्ता संपला, माळ लागला, चाके मऊ जमिनीत रुतत गेली आणि ट्रक आपसूक थांबला. मागच्या चाकांतून धूर निघत होता. माझे हात स्टिअरिंगवर स्थिर होते. जंगलातल्या उताराचा प्रश्न इथे सुटला, हे मला त्याच क्षणी कळले. ब्रेक गेले होते आणि ताबा सुटला नव्हता.

भाई खाली उतरला आणि चाकाजवळ वाकला.

"आधीच्याने सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "मला वाटलं, बहाणा करून राहिला."

मी म्हणालो, "ब्रेकचे लायनर, ड्रम, सगळं नवं टाका. मग पुन्हा याच उतारावर. तुम्ही शेजारी."

"पुन्हा मी?"

"बैल तुमचाच हाय."

मिस्त्रीचे काम झाल्यावर तोच उतार, तेवढीच गिट्टी, शेजारी भाई. मी मुद्दाम निम्म्यावर ट्रक थांबवला. थांबला. भाईने खिडकीतून डोके बाहेर काढून चाकांकडे पाहिले, मग चावीकडे बोट दाखवून म्हणाला, "आता ती काढून माझ्याकडं देऊ नका."

किनवटची पहिली खेप मी एकट्याने नेली. सागाच्या झाडांमधून रस्ता खाली वळत जातो. त्या उतारावर मला कोणी स्टिअरिंग मागितले नाही. पायथ्याशी ट्रक बाजूला घेऊन मी खाली उतरलो आणि मागच्या चाकाजवळ हात नेऊन पाहिला. ऊब होती, जळका वास नव्हता. बायकोला फोन केला. मशीनचा आवाज थांबला.

"उतरला?"

"उतरलो."

"मग चढतानाचं सांगू नका, ते इंजिनाचं काम हाय," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झाले.

मी अजून तोच ट्रक चालवतो. भाईकडे नवा माणूस आला की गाडी आधी खदानीत जाते, गिट्टी भरते आणि भाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत शेजारी चढतो. या परीक्षेला त्याच्या अड्ड्यावर आता 'देवणी करणे' म्हणतात. परवा त्याचा फोन आला. "साब, नवा ट्रक घेतला. कंपनीतून आत्ता बाहेर निघालाय, कोरा करकरीत."

"मग?"

"मग काय? देवणी करायची हाय. चालवायला तुम्ही या. मी बसतो."