अठ्ठेचाळीसच्या आत

माझा पाय हलतो. बसले की हलतो, जेवताना हलतो, एसटीत शेजारची बाई डोळे वटारते तरी हलतो. माय म्हणायची, "काऊन वो, भूत बसलं का तुह्या पायात?" एकोणिसाव्या वर्षी मी बॉक्सिंगला गेले ती या पायापायीच म्हणा ना. कॉलेजसाठी सिंदेवाहीला जायचे. एक दिवस कुणाशी तरी भांडून परत येत होते, नेहमीसारखीच. मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये दोन पोरी एकमेकींना ठोसे मारत होत्या आणि कुणी त्यांना ओरडत नव्हतं. म्हटलं, हे आपलं काम आहे.

कसलं आपलं काम! स्पारिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या पहिल्याच दिवशी माझ्यासमोर पोलीस भरतीची तयारी करणारी एक ताई उभी केली. तिचा हात आला आणि मी डोळे मिटले. उघडले तोवर दुसरा नाकावर बसला होता. मग माझं डोकं फिरलं. धान झोडपावं तशी मी दोन्ही हातांनी सुटले. ताई नुसती बाजूला सरकत राहिली आणि मी हवेला मारत राहिले.

"अवं, भांडून राह्यली का बॉक्सिंग करून राह्यली?" सर ओरडले. सर वनखात्यातून निवृत्त झालेले, पोरींना फुकट शिकवायचे. "राग आला का तुहा डावा हात खाली येते. तिथंच मार खाते तू."

दोन महिने मी मार खाल्ला. मग एका संध्याकाळी ताईचा हात येताना मला दिसला. डोळे उघडे होते माझे! मी मान बाजूला काढली आणि डावा सरळ तिच्या कपाळावर ठेवला. ताई हसली. त्या दिवशी मी बस स्टँडपर्यंत उड्या मारत गेले.

एप्रिलमध्ये चंद्रपूरला जिल्ह्याची निवड होती. सर म्हणाले, "उतर तू. पण अठ्ठेचाळीसच्या आत ये." वरच्या पन्नास किलोच्या गटात ताई उतरणार होती, आणि एका गटात क्लबची एकच पोरगी घेत. माझं नाव लागायचं तर अठ्ठेचाळीसमध्येच. तेवढं एकच मला हवं होतं, खऱ्या रिंगमध्ये खरी लढत. मग हरले तरी चालेल.

शेडमधल्या वजनकाट्याची सुई साठावर अडकलेली. त्या हिशोबानं आम्ही सगळ्याच साठ किलोच्या. सर म्हणाले, "कुठीही वजन कर, पण दरवेळी एकाच काट्यावर कर." एकच काटा माझ्या ओळखीचा होता. आमच्या आठवडी बाजारात मोहाची फुलं विकत घेणाऱ्या शेठचा.

आता इथं मला माझं एक पाप सांगावं लागेल. आदल्या वर्षी शेठनं नवा डिजिटल काटा आणला होता. मायची मोहाची बोरी त्यावर चढवली आणि माय रांगेतल्या सगळ्या बायांदेखत म्हणाली, "बोरीमागं दोन किलो खाते हा काटा. मीच भरली, मीच उचलली, मले नाई समजत का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मोठ्यानं म्हटलं, "माय, डिजिटल हाये तो. मशीन काऊन खोटं बोलन? गप ना!" शेठ हसून म्हणाला, "शिकलेली पोरगी हाये, बाई. तिले समजते." माय गप्प झाली. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं होतं.

तर त्याच काट्यावर दर आठवड्याला मी उभी राहायचे. शेठ "ये चॅम्पियन" म्हणायचा. पहिल्यांदा बावन्न भरले.

मग मी भात सोडला. आमच्या धानाच्या झाडीपट्टीत भात सोडणं म्हणजे घरच सोडल्यासारखं. माय दोन दिवस बोलली नाही. पहाटे पळायला घरचे जाऊ देत नव्हते, कारण शेताकडच्या पांदीत वाघाचे पंजे दिसले होते. मग मी अंगणातच दोरीवर उड्या मारायचे आणि कोंबड्या जीव घेऊन पळायच्या. मोह वेचायला आम्ही बाया घोळक्यानं जायचो. झाडाखाली तो गोड वास, आणि माझ्या पोटात आदल्या दुपारच्या दोन काकड्या. एकदा राहवलं नाही, एक फूल तोंडात टाकलं आणि वजनाच्या भीतीनं लगेच थुंकलं. माय टोपली ठेवून उभीच राहिली. "मोहाले थुंकते? मोहाले?" भातापेक्षा तिला तेच जास्त लागलं.

भुकेनं मी नुसती पेटलेली असायचे. भावावर ओरडायचे, बकरीवर ओरडायचे. झोप लागेना. स्पारिंगमध्ये तर हात वर राहीना. ताई म्हणाली, "आज तुह्या हातात जीवच नाई वो." सरांनी मला खाली बसवून पाणी दिलं. मी गुळणी करून टाकली.

"किती झालं?"

"अठ्ठेचाळीस तीनशे."

"काटा बराबर हाये ना?"

"डिजिटल हाये, सर."

निवडीच्या आधीच्या बाजारात काट्यावर लाल आकडे उमटले, सत्तेचाळीस आठशे. मी तिथंच नाचले. शेठनं टाळ्या वाजवल्या.

चंद्रपूरला माय सोबत आली. भर मोहाच्या दिवसांत एक दिवस मोडून! झाडाखाली पडलेलं तेवढं गुरं खाणार हे तिला माहीत होतं. तरी नवं लुगडं नेसून ती हॉलच्या पायरीवर बसली, पोरीची लढत पाहायला.

वजनाच्या रांगेत मी काट्यावर चढले. एकोणपन्नास नऊशे.

उतरले. पुन्हा चढले. एकोणपन्नास नऊशे. "तुमचा काटा बिघडला आहे," मी म्हणाले, तेही ओरडूनच. टेबलावरच्या बाईंनी खालून लोखंडाचं वीस किलोचं वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. बरोबर वीस. मग म्हणाल्या, "एक तास आहे बेटा, बघ."

एप्रिलचं चंद्रपूर, अंगात ताईचं जॅकेट आणि वर प्लास्टिक. मी मैदानाला फेऱ्या मारल्या, तेवढंच वजन उतरावं म्हणून थुंकत राहिले. पण पाणीच प्यायले नव्हते तर घाम येणार कुठून! तासानं एकोणपन्नास चारशे. बाईंनी माझ्या नावावर रेघ मारली. माझ्याशी लढणार होती ती पोरगी रिंगमध्ये एकटीच गेली, तिचा हात वर केला आणि ती खाली आली. मी मायजवळ पायरीवर बसले. पाय हलत नव्हता.

परतीच्या एसटीत मायनं विचारलं, "शेठच्या काट्यावर किती होती तू?"

"सत्तेचाळीस आठशे."

मी वाट बघत होते, ती म्हणेल, सांगितलं होतं ना. ती खिडकीबाहेर बघत बसली. मूलच्या स्टँडपर्यंत मला ते सहन झालं, मग मी रडले. तिनं डबा उघडला. आत भात होता. मी सगळा खाल्ला.

बाजाराच्या दिवशी मी तडक शेठकडे निघाले, मुठी आवळून. मायनं दंड धरला. "बुक्की नाई. आधी दवाखान्यात चाल." दवाखान्यातल्या नर्सबाईकडून तिनं माझं वजन करवलं आणि चिठ्ठीवर लिहून घेतलं, साडेएक्कावन्न. भात परत आला होता ना अंगावर! तिथून सरळ बाजार. शेठसमोर बायांची रांग, प्रत्येकीची बोरी पायाशी, आमचीही.

"चढ," माय मला म्हणाली.

मी चढले. लाल आकडे थांबले, एकोणपन्नास चारशे.

मायनं चिठ्ठी शेठपुढं धरली. आवाज चढवला नाही. "दवाखान्यात साडेएक्कावन्न. इथी साडेएकोणपन्नास बी नाई. दोन किलो पोरगी कुठी गेली, भाऊ?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी रांगच हसली. शेठ म्हणाला, "उन्हात चालत आली, बाई, घाम गेला असंल."

"दोन किलो?" मागची म्हातारी म्हणाली. "घाम गेला का पाय गेला तिचा?"

शेठचं तोंड उतरलं. तो माझ्याकडे वळला, तेच आदल्या वर्षीचं हसू आणून. "तू त शिकलेली हाये. सांग ना मायले. मशीन हाये ही."

मी काट्यावरच उभी होते. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या, माय सोडून. ती बोरीच्या तोंडाची दोरी उगाच घट्ट करत होती. पुन्हा आपल्याला गप्प करतील, हे तिला ठाऊकच असल्यासारखी.

"मायले समजते, भाऊ," मी म्हणाले. "मलेच नाई समजलं." आदल्या वर्षी जेवढ्या मोठ्यानं बोलले होते, तेवढ्याच मोठ्यानं. रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जावं म्हणून.

मायनं मान वर केली नाही. बोरीचं एक टोक धरलं आणि म्हणाली, "उतर खाली. धर तिकून. परत नेऊ."