तेरणाचा भाव कुणी वाढवला?

कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा मी फोनवर पुण्याच्या साहेबांना सांगत होते, "हो सर, साइटवर सगळं शांत आहे." साहेबांनी विचारलं, हा आवाज कसला? मी म्हटलं, रेल्वे. येडशी स्टेशन जवळ असल्याचा तेवढा एक फायदा आहे.

शिट्टी सॅम्पल हाउसमधून येत होती. सॅम्पल हाउस म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायला सजवून ठेवलेलं घर. तिथं पलंग असतो पण झोपायचं नसतं, ओटा असतो पण रांधायचं नसतं, आणि टेबलावरची सफरचंदं प्लॅस्टिकची असतात. मी धावत गेले. ओट्यावर बारका स्टोव्ह, त्यावर कुकर, आणि शेजारी खुर्चीत एक सत्तरीच्या बाई शांतपणे शिट्ट्या मोजत बसलेल्या. त्यांचे मालक पार मागच्या खोलीत दार लावून उभे होते. आतून ते ओरडले की मला दोनच ऐकू आल्या.

"तीन झाल्या," बाई मला म्हणाल्या. "यांना कमी ऐकू येतं. तरी हितं दोन ऐकू आल्या. त्या मांजरात एक बी आली न्हाय. डाळ करपून कोळसा झाला असता."

डोकं फिरलं होतं माझं, पण 'मांजरात' ऐकून हसूच आलं. त्यात त्यांची चूक नव्हती. आमची वसाहत निवृत्त लोकांसाठी बांधलेली. घरांचे तीन नमुने, त्यांना मॉडेल म्हणायचं. पुण्यात बसून कुणीतरी त्यांना आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या नद्यांची नावं दिली होती. सीना म्हणजे एका खोलीचं घर. तेरणा म्हणजे दोन खोल्या, हॉल, सगळं जमिनीसरशी, उंबरासुद्धा नाही. आणि मांजरा म्हणजे आतून जिना असलेला दुमजली बंगला. म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीत जिना कुणाच्या डोक्यातून आला, हे मी दोनदा विचारलं. प्रीमियम आहे, असं उत्तर आलं. पहिल्या दिवसापासून लोक गेटवर येऊन म्हणायचे, मांजर दाखवा.

हे जोडपं लोहाऱ्याचं. अप्पा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झालेली. अप्पांना तेरणा पहिल्याच दिवशी पसंत पडलं. त्याचं एक कारण म्हणजे माकणीचं धरण तेरणेवर, आणि माकणी लोहारा तालुक्यात, म्हणजे घर आपलंच. पण पसंत पडलं म्हणून लगेच घेईल तो कंडक्टर कसला. पहिल्या खेपेला कुकर झाला. दुसऱ्या खेपेला चादर आणली आणि तिन्ही मॉडेलांत जमिनीवर आडवे होऊन बघितलं की पाय भिंतीला लागतात का. तिसऱ्या खेपेला एक जीप भरून अकरा पाहुणे आणले. दोन मेहुण्यांनी नळ सोडून बघितले, एका साडूंनी भिंतीला कान लावला. कशाला ते त्यांनाच माहीत. आमच्याकडचा चहा आणि खारी मात्र सगळ्यांनी दोनदा घेतली.

चौथ्या खेपेला दोघंच आले. आले ते ठरवूनच आले होते. अप्पांनी फळ्यावरचा भाव वाचला आणि ते पुन्हा चष्मा पुसून वाचायला लागले. तेरणा, ऑल-इन, एकवीस लाख दहा हजार. ऑल-इन म्हणजे नोंदणी, मुद्रांक, लाइटचं मीटर सगळं धरून. वर एक रुपया नाही. पहिल्या दिवशी हाच भाव साडेवीस होता.

दोघं नवराबायको माझ्यासमोरच कानडीत बोलायला लागले. मॅडमला कळू नये म्हणून. आता मी मुरूमची. आमच्या गल्लीत निम्मी भांडणं कानडीत व्हायची, त्यामुळं मला भांडणाची कानडी तर फारच चांगली कळते. अप्पा म्हणत होते, फंड, ग्रॅच्युइटी, तुझ्या नावची एफडी, सगळं मोडून इप्पत्तोंदु. एकवीस. त्याच्यावर एक दमडी निघत नाही. बाई म्हणाल्या, मग राहू द्या, चला घरी. आणि त्या उठायला लागल्या.

उठायला त्यांना चांगला वेळ लागला. गुडघे पार गेलेले. लोहाऱ्यात यांचं घर दुकानाच्या वर, चौदा पायऱ्या. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, खाली उतरता का रोज?

"रोज कुठलं," बाई म्हणाल्या. "वर्ष झालं, दारात बसून रस्ता बघितला न्हाय. हितं यायचं म्हणून चारदा उतरले. बसून, एकेक पायरी."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. तेवढ्यात अप्पा माझ्यावरच घसरले. एसटीचं भाडं वाढायचं तर सरकार आधी पेपरात देतं, तुम्ही रात्रीतून वाढवता, ही कसली रीत? मी ठरलेलं उत्तर दिलं: मागणी वाढली की भाव वाढतो.

"कुणाची मागणी? नाव सांगा."

नाव सांगायचं नसतं. भाव कसा हलतो तेही गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, तशी लेखी ताकीद होती. पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नसते. मी टॅब त्यांच्यासमोर ठेवला. "तुमचीच मागणी आहे, अप्पा. वाचा."

आमच्या कंपनीनं नवीन पद्धत आणली होती. गेटवर वॉचमन प्रत्येकाला विचारणार, कुठलं मॉडेल बघायचं. मग मोबाइल नंबर, ओटीपी, आणि त्या मॉडेलच्या खात्यावर एक भेट जमा. पाच भेटी झाल्या की तेरणाचा भाव आपोआप वीस हजारांनी वर. मांजराचा पन्नास हजारांनी. आणि आठवडाभर कुणीच फिरकलं नाही तर तेरणा तीस हजारांनी खाली. अप्पा आणि बाई आधी तीनदा आले, सहा भेटी. पाहुणे अकरा. एकूण सतरा, पाचाचे तीन टप्पे भरले, म्हणजे साठ हजार. तेरणाच्या यादीत त्यांच्या घरादाराशिवाय एक नाव नव्हतं. कुकरची डाळ त्यांना चांगलीच महाग पडली होती.

अप्पांनी यादीतली नावं बोटानं मोजली. मग बाईच हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की आजची आमची दोघांची भेट मांजराच्या नावावर टाकता येईल का. वॉचमन चहाला गेला होता, म्हणून अजून टाकली नव्हती; मी टाकली. तिथं मी या कटात सामील झाले.

दुसऱ्या दिवसापासून धाराशिवच्या, तुळजापूरच्या, लोहाऱ्याच्या पेन्शनरांची रीघ लागली. एसटीचे, शाळांचे, टपाल खात्याचे. सगळ्यांना एकच घर बघायचं होतं, मांजरा. वॉचमननं विचारायच्या आत उत्तर तयार. एक रिटायर्ड सिस्टर आल्या, मला जय भीम घातला, डोळा बारीक केला आणि म्हणाल्या, "जिना चांगला हाय का? मला जिन्याची लई आवड." त्यांच्या हातात काठी होती. बारा दिवसांत साठ भेटी झाल्या. मांजरा चौतीसवरून चाळीस लाखांवर गेलं. सगळ्यात खूश खारीवाला.

तेरणाकडं चिटपाखरू नाही. आठवडा झाला आणि भाव वीस ऐंशीवर आला. मी लगेच अप्पांना फोन लावला, या आणि बुक करा, बसतंय तुमच्यात. तर अप्पा म्हणाले, अजून एक आठवडा थांबू, साडेवीसचं घर साडेवीसलाच घेणार. मी कपाळावर हात मारला. एवढं जमवून आणलं आणि यांचं आपलं सुट्ट्या पैशावर अडलंय.

तो आठवडा भरायच्या आतच, शुक्रवारी, पुण्याहून साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमचे सेल्स हेड. आवाजात नुसता उत्साह. मांजराला काय डिमांड आहे, मॅडम! तेरणाला कुत्रं विचारत नाही. सोमवारपासून तेरणा यादीतून काढतोय, उरलेल्या तिन्ही प्लॉटवर मांजराच बांधू. मी म्हटलं, सर, लोक मांजरा चढायला येतात, राहायला नाही. एकाचीही बुकिंग नाही. ते म्हणाले, तुमचा माइंडसेट ट्रॅक्टरचा आहे. मी पूर्वी ट्रॅक्टर विकायचे, ते खरं आहे. पण ट्रॅक्टर बघायला येणारा तो चालवून बघतो, एवढं मी शिकले होते.

मी अप्पांना फोन केला आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकावर ओरडले. उद्या या, नाहीतर बाईंना आयुष्यभर त्या चौदा पायऱ्या. अप्पा हळूच म्हणाले, "येतो, ताई. मी लई ताणलं काय?" मी व्हय म्हणून फोन ठेवला.

शनिवारी सकाळी गेटवर दोन जीपा. घर घेताना सोबत म्हणून अप्पांचं पेन्शनर मंडळ आलं होतं, चौदा जण. चौदा आणि हे दोघं, सोळा भेटी तेरणावर पडल्या तर भाव पुन्हा एकवीसच्या वर. मी चप्पल हातात घेऊन गेटकडं पळाले. उशीर झाला होता, वॉचमननं ओटीपी घेऊनही टाकले होते. टॅब हिसकावून बघितला. चौदाच्या चौदा मांजरा. सवयच लागली होती त्यांना. फक्त शेवटी दोन नावं तेरणावर होती, अप्पांचं आणि बाईंचं.

वीस लाख ऐंशी हजारांना तेरणा बुक झालं. पहिली सही बाईंनी केली. अप्पांनी कंडक्टर नोट बघतो तशी पावती उलटसुलट बघितली, दोन्ही कोपरे नीट आहेत का तेही. दिवाळीच्या आधी ताबा मिळाला. आता बाई रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बसतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून कुठं निघाला म्हणून विचारतात.

आता पुण्याचं सांगते. त्या शनिवारी साहेब मोबाइलवर आकडे बघत होते. मांजरावर एका दमात चौदा भेटी, भाव एक्केचाळीस. आता पन्नास गाठणार, असं त्यांनी धरलं आणि दुपारी आपल्या सासऱ्यांच्या पैशातून, सासऱ्यांच्याच नावानं एक मांजरा बुक केलं. आजवर विकलं गेलेलं ते एकमेव मांजरा. पुढच्या महिन्यात कंपनीच्या मालकांनी सत्तरच्या वर भेटी आणि एक बुकिंग बघितली, कुणी केली तेही बघितलं, आणि ती पद्धत बंद केली. आता गेटवर ऑइलपेंटनं भाव लिहिलाय. तेरणा साडेवीस. मांजरा चौतीस.

साहेबांचे सासरे राहायला आले. सज्जन माणूस. जिना चढवत नाही, म्हणून खालच्या हॉलमध्येच झोपतात आणि दिवसभर अप्पांच्या दारात बाईंच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसतात. एकदा त्यांनी माझ्यासमोरच अप्पांना विचारलं, तुम्हाला एवढं स्वस्त कसं मिळालं? अप्पा म्हणाले, याला मागणीच न्हवती हो. आणि त्यांना चहा दिला.

मला त्या वर्षी इन्सेंटिव्ह मिळाला नाही, मेमो मिळाला. तेव्हापासून एक मात्र शिकले. कुणी मला सांगितलं की मागणी लई आहे, आजच घ्या, तर मी आधी रजिस्टर मागते आणि त्यात माझंच नाव किती वेळा आहे ते मोजते.