पंख स्वच्छ आहे का?

आयर्लंडला आलेल्या समस्त मराठी माणसांत बर्फाची इतकी वाट पाहणारा आणि त्याला इतका भिणारा माणूस दुसरा झाला नसेल. तुम्ही दोघं नातवंडं त्यांना ‘समोरचे आजोबा’ म्हणता, म्हणून मीही तेच म्हणते. फेब्रुवारीत ते सिटीवेस्टला, तुमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये, मुलाकडे दोन महिन्यांसाठी आले आणि माझ्यासारखेच, करोनात विमानं बंद झाल्यामुळे दहा महिने अडकले. मुंबई विमानतळावर त्यांनी छत्तीस वर्षं एकच काम केलं होतं: विमान सुटण्याआधी सगळं नीट आहे ना हे तपासून कागदावर सही करायची. अधूनमधून त्यांना खात्याची परीक्षा द्यावी लागे आणि तिच्यात एक प्रकरण बर्फाळ धावपट्टीचं असे. मुंबईत बर्फ कुठला पडायला, म्हणून बाकीचे ते पान उलटून पुढे जात. आजोबांना नेमके त्यातच पैकीच्या पैकी. “आणि ताई,” ते मला म्हणाले, “एवढ्या वर्षांत प्रत्यक्ष बर्फ पाहिला तो उसाच्या रसात.”

त्यामुळे इथे थंडीत गाड्यांवर पांढरा थर दिसला की ते लहान मुलासारखे खाली धावत. काचेवरून बोट फिरवून कागदावर नोंद करत आणि मग मुलाच्या गाडीचं छप्पर, दिवे, आरसे, सगळं घासून काढत. “बाबा, मला टॅल्याच्या हॉस्पिटलात कामाला जायचंय, आकाशात नाही,” मुलगा म्हणे. “अर्धी पुसलेली गाडी म्हणजे न पुसलेली,” हे उत्तर. एकदा त्यांनी फुटपाथवर स्वयंपाकघरातलं सगळं मीठ शिंपडलं. सुनेनं त्या दिवशी आमटी अळणीच वाढली आणि वर म्हणाली, “बाबा, मीठ खाली आहे, हवं तर घेऊन या.”

त्यांचं खरं वैर होतं ते तुमच्या लाडक्या शब्दाशी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “ताई, इथे सगळंच भव्य कसं हो? शेजाऱ्याला विचारलं, रस्ता निसरडा आहे का? म्हणतो, ग्रँड. त्याचा गुडघा कसा आहे? तोही ग्रँड.” मी समजावलं, की इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालेल. ते गंभीर झाले. “म्हणजे चलता है. आमच्या पुस्तकात दोनच शब्द होते. पंख स्वच्छ आहे, किंवा नाही. चालेलसा पंख नसतो.”

मग ठाण्याहून फोन आला. आजींच्या हृदयाची शस्त्रक्रिया डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी ठरली होती. “तुम्ही आल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपायची नाही,” असं त्यांनी बजावलं. बुधवारी रात्री मुंबईला पोचणारं, मध्ये एकदा बदलायचं विमान कसंबसं मिळालं आणि त्याच विमानात मलाही जागा मिळाली. खिडकीशी आजोबा, मध्ये रिकामी खुर्ची, मग मी.

निघालो त्या मंगळवारी सकाळपासून बारीक हिमवर्षाव चालू होता. गाडीवरच्या माणसानं विमानाच्या पंखांवर बर्फ वितळवणारं औषध फवारलं, तेव्हा आजोबांचे डोळे सिनेमा पाहिल्यासारखे चमकले. पण धावपट्टीकडे जाताना विमानांची रांग होती आणि बर्फ वाढला. त्या औषधाचा असर थोडाच वेळ टिकतो, हे मला तेव्हा कळलं. आजोबा घड्याळ हातात धरून पंखाकडे बघत होते. साखर भुरभुरावी तसं काहीतरी पंखावर दिसायला लागलं होतं.

“सँडपेपरएवढा खरखरीतपणा पुरतो ताई. विमान हवं तसं उचललं जात नाही.”

मी काय म्हणाले ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, “वैमानिकाला कळत असेल हो. आता परत फिरलो तर पुढचं विमान चुकेल. ठाण्याला वहिनी वाट बघताहेत.”

“मलाही अगदी हेच वाटतंय,” ते म्हणाले. “म्हणूनच विचारायला हवं.” आणि त्यांनी डोक्यावरचं बटण दाबलं.

हवाई सुंदरी पट्टा सोडून आली. पोरगी गोड होती. आजोबांनी विचारलं, “पंख स्वच्छ आहे का?” तिनं वाकून पाहिलं. “आह्, इट्स ग्रँड.”

“बाळ, ग्रँड नको. स्वच्छ आहे की नाही, एवढंच कॅप्टनला विचार.”

त्यांच्या आवाजात दरारा नव्हता, अजिजी होती. ती गेली. थोड्या वेळानं एक तरुण वैमानिक आला, टॉर्च लावून बराच वेळ पंख न्याहाळत राहिला आणि म्हणाला, “थँक यू, सर. आमचाही तोच विचार चालला होता. परत जाऊन फवारून घेऊ.”

विमान फिरलं. मागे कोणीतरी जोरात उसासा टाकला. आजोबांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि मग सबंध प्रवासात ते एकदाही पाहिलं नाही. पुढचं विमान अर्थातच चुकलं. विमानतळावरून त्यांनी आजींना फोन केला, इतकंच म्हणाले, “तू झोप टेबलावर. मी येतोच आहे.” ते पोचले तेव्हा शस्त्रक्रिया होऊन अर्धा दिवस उलटला होता.

पंधरा दिवसांनी मी पुण्याहून फोन केला. आजी बऱ्या होत्या. “खूप रागावल्या असतील,” मी म्हटलं.

“शुद्धीवर आल्यावर विचारलं, उशीर का? मी म्हटलं, पंखावर बर्फ होता. तर म्हणते कशी, ‘सापडला का एकदाचा?’”

मी हसले. ते हसले नाहीत. हलकेच म्हणाले, “ती हसली ना ताई, तेव्हा टाके दुखले तिला.”