अवसेची फेरी

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी आल्या आल्या मी चपला अशा काही भिरकावल्या, की सासूबाईंनी काही न विचारता चहाचं आधण ठेवलं.

मी आरोग्याच्या सर्वेक्षणात काम करते. मुलींची टीम घेऊन घरोघरी जायचं, प्रश्न विचारायचे, बीपी मोजायचं, बोटाला सुई टोचून साखर बघायची. यादीत आलेलं घर बदलता येत नाही. दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्याला धरलं, असं चालत नाही. बाग सेवनियातल्या कॉलन्या कशाबशा झाल्या, पण करोंदला धान्य मंडीमागच्या वस्तीत आमचं घोडं अडलं. बायका लगेच बसायच्या, पण पुरुष सापडतील तर शपथ! सगळे मंडीतले हमाल. पहाटे जायचे ते पाठ टेकायलाच परत यायचे. रविवारी लिलाव नसला तरी ट्रक भरणं असायचंच. दारात रोज तोच नन्नाचा पाढा, मंडी गए हैं, बाद में आना.

साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत सुनावलं. पुढच्या महिनाअखेरपर्यंत करोंदचे पुरुष झाले नाहीत, तर टीम दुसऱ्या बाईकडे जाईल आणि मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसेन. मी! जिच्या पायाला भिंगरी, ती! त्या मुलींना दार कसं वाजवायचं इथपासून मी शिकवलं होतं. मला रडू येत होतं, म्हणून मी चपला भिरकावल्या.

त्याच आठवड्यात आमचे हे वर्षाचा गहू आणायला रजा टाकून करोंदला गेले आणि रिकामी पोती घेऊन परतले. मंडी बंद. अमावास्या होती, आणि अवसेला तिथे कुणी पोत्याला हात लावत नाही. सासूबाई म्हणाल्या, मी सकाळीच सांगितलं होतं, पण माझं ऐकतंय कोण. हे आपले चिडून बोलतच होते. इकडे आपली रजा वाया गेली आणि तिकडे सगळे हमाल दारात खाटा टाकून मजेत लोळतायत.

तव्यावरची पोळी करपली, तरी माझा हात हलेना.

अहो, टीमच्या फेऱ्या मीच ठरवायची! आणि आमच्या घरात अवसेला नवं काम काढत नाहीत, म्हणून त्या दिवशी मी मुलींना हटकून ऑफिसात बसवायची. जो एक दिवस ते सगळे घरी, त्याच दिवशी आम्ही गायब. मला इतकं हसू आलं, की ह्यांना वाटलं मी त्यांच्या पोत्यांना हसतेय.

पुढची अमावास्या महिनाअखेरच्या अगदी तोंडावर येत होती. सासूबाईंना बेत मुळीच पटला नाही. जा बापा, पण यश नाही आलं तर मला सांगू नको, असं म्हणून त्या देवघरात गेल्या. पण आदल्या दिवशी जाऊन मी वस्तीतल्या बायकांना सांगून ठेवलं.

सकाळी पोचलो तर बायकांनी नवऱ्यांना आंघोळी घालून बसवलेलं! पहिलाच गडी पहाडासारखा, आणि सुई बघून निघाला मागच्या दाराकडे. बायकोने कॉलरच धरली. "क्विंटल भर उठाते हो, और सुई से भाग रहे हो?"

त्याचं बीपी फार वर होतं. थोडं थांबून पुन्हा मोजलं, तरी तेच. आजच दवाखान्यात जा, असं मी बजावलं. तो उठला, शर्ट चढवला, आणि दवाखान्याच्या वाटेवर प्रत्येक खाटेपाशी थांबून सांगत गेला, "दिखा लो भाई, मुझे तो कुछ पता ही नहीं था।"

त्यानंतर आम्हाला कुणाला बोलवावं लागलं नाही. एक जण सासुरवाडीला गेला होता, तो सोडला तर सगळे झाले. बायकांनी दाल-बाफले खाऊ घातले, आणि परतताना मुली रिक्षात शिट्ट्या मारत होत्या. मीही मारली.

टीम माझीच राहिली. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, हे कसं जमवलं. मी म्हटलं, पंचांग बघून. मंडीजवळच्या वस्त्यांच्या फेऱ्या आता अवसेलाच लागतात.

घरी मात्र सासूबाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. महिना गेला. एका संध्याकाळी त्या चष्मा लावून कालनिर्णयापुढे उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परवा अवस आहे गं. किती पोरींचा डबा करू?"