बोगद्यात रूळ संपतो तिथे

मी शाळेत गणित शिकवते. नववीची पोरं मला टरकून असतात आणि मी बंद जागेला. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. आमच्या बुऱ्हाणपुरात पाहुणा आला की त्याला लालबागेकडच्या जमिनीखालच्या पाण्याच्या भुयारात उतरवायची रीतच आहे. पाहुणे खाली जातात, मी वर बसून त्यांच्या चपला सांभाळते. बाबा यावरून माझी भरपूर थट्टा करायचे.

बाबा रेल्वेत चावीवाले होते. सातपुड्यातल्या मीटरगेज लाईनवर हातोडी घेऊन रोज पायी फिरायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या हद्दीत एक बोगदा होता. तीस वर्षं ते त्यातून एकटे गेले-आले. अंधारात काय वेगळं असतं, उजेडात असतं तेच असतं, असं ते सांगायचे आणि आम्हा भावंडांना ते पटायचं.

मग लाईन बंद झाली. नवी मोठी लाईन दुसरीकडून जाणार आणि जुना बोगदा बुजवणार, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. झालं. एकदा बघून येऊ, म्हणून त्यांनी धोशाच लावला. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, त्यात गुडघे दुखणारे. आईने नाही म्हणून पाहिलं, मीही पाहिलं. शेवटी एका रविवारी राजपुरा मोहल्ल्यातल्या घरून त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाले. हातोडी त्यांच्या मांडीवर होती.

बोगद्यालगतचं बंद पडलेलं स्टेशन डोंगराच्या कुशीत, दोन्ही बाजूंना कापलेला कातळ. तिकिटाच्या खिडकीत वारूळ झालेलं. फलाटावर एका बाईने मोहाची फुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, आंबूस वास सगळीकडे भरला होता. फलाट संपला की लगेच बोगद्याचं तोंड. त्या बाईने हिंदीत सांगितलं की गाड्या बंद झाल्यापासून उन्हाळ्यात आत अस्वल येऊन बसतं. बाबांनी ते हसण्यावारी नेलं. मी बोगद्यापासून चार पावलं मागे सरकले.

मी आत येणार नाही, हे तर ठरलेलंच होतं. तुम्हीही जाऊ नका म्हटलं, तर त्यांनी माझी समजूत काढली. बोगदा वळणाचा आहे, पण सारा दहा मिनिटांचा. पलीकडच्या तोंडाशी पोचलो की रुळावर हातोडीचे तीन ठोके देतो. तू इथे रुळाला कान लाव, म्हणजे कळेल. ड्युटीवर असताना दोन बाजूंची माणसं असेच निरोप द्यायची म्हणे. रूळ गवतात बुडाला होता, पण होता. बॅटरी घेऊन ते आत गेले. वळणाशी उजेड दिसेनासा झाला.

मी गुडघ्यांवर बसून कान लावला. रूळ तापलेला होता, म्हणून ओढणीची घडी मध्ये घेतली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ठोका नाही. हाका मारल्या तर माझाच आवाज घुमून परत आला. मोबाईलला टॉवर नव्हता. ती बाई म्हणाली की गावातून माणसं आणायची तर तासभर लागेल, आणि ती निघालीही. तासभर! मला भयंकर राग आला. बाबांचा, त्या बोगद्याचा आणि सगळ्यात जास्त माझा. बेचाळीस वर्षांची बाई मी, बाप आत पडला असेल आणि मी बाहेर कान लावून बसले होते.

मी आत शिरले. एक हात भिंतीवर, एका हातात मोबाईलचा उजेड, पाय रुळाला लावून. वटवाघळांच्या घाणीचा वास डोक्यात जात होता. वळण घेतलं, मागचं तोंड दिसेनासं झालं. तोंडाने रामरक्षा चालू होती, तीही चुकत होती. मग पायाला रूळ लागेना. खाली उजेड धरला तर नुसती खडी. पलीकडच्या बाजूने कुणीतरी रूळ उचलून नेले होते, थेट इथपर्यंत. तीन ठोके द्यायला तिकडे रूळच नव्हता, आणि हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

पुढे कुणीतरी श्वास घेत होतं. जोराने, घशातून. मला अस्वलच वाटलं. पळायचं ठरवलं, पण पाय हलेना. मग उजेड वर केला.

गाडी आली की माणसाने सरकून उभं राहावं म्हणून भिंतीत कोनाडे असतात. त्यातल्या एकात बाबा पाठ टेकून उभे होते. हातोडी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. बॅटरी पडून विझली होती.

"मले दिशाच समजेना," ते म्हणाले. "रूळ खतम झाला अन् मी इथंच थांबलो."

दिशा कशाला समजायला हवी? भिंत धरून कुठल्याही बाजूला चाललं तरी माणूस बाहेरच निघतो. हे मला लहानपणी त्यांनीच सांगितलं होतं. त्यांच्या हाताला हात लावला तर तो गार पडला होता.

"बाबा, तुम्हाला भीती वाटली?"

"डर तर रोजच लागे," ते म्हणाले. "तीस साल. पायाखाली रूळ होता म्हणून चालत राहो."

मग त्यांनी मला पुढे हो म्हटलं. मी वळले, भिंतीला हात लावला आणि चालू लागले. घरात एक तरी माणूस न घाबरणारं आहे, या भरवशावर मी आजवर खुशाल घाबरत आले होते. आता तसं कुणीच उरलं नव्हतं. मला अजून तेवढीच भीती वाटत होती, पण पाय थांबवून चालणार नव्हतं, कारण मागे बाबांनी माझी ओढणी मुठीत गच्च धरली होती.