फोन उचलायचा नाही

दिवसाढवळ्या जिन्यातला दिवा जळताना दिसला, की इमारतीतली माणसं म्हणत, "बटणवाली वहिनी अजून खाली उतरलेली दिसत नाही." आणि खरंच, ती कामाला निघाली की एकेका मजल्यावरचा दिवा विझत जायचा. जिन्याचं बिल सगळ्यांत वाटून यायचं, त्यात तिचा वाटा तो केवढासा. पण हाताला लागलेली सवय. दुसऱ्यांकडे चहाला गेली तरी रिकाम्या खोलीतला पंखा तिला दिसायचाच. "आई, निदान लोकांच्या घरी तरी आवर," लेक म्हणायची. "मी आवरते गं, हात आवरत नाही," असं तिचं उत्तर.

ती काही जन्माची चिक्कू नव्हती, बरं का. सात वर्षांपूर्वीपर्यंत याच घरात पाहुण्याला दोनदा चहा मिळत होता. मग नवऱ्याचा एक मित्र आला. नवरा लाकडाच्या वखारीत भांडारपाल, सरळमार्गी, नाही म्हणता न येणारा. मित्राला धंद्यासाठी कर्ज हवं होतं आणि जामीन हवा होता. "नुसती सही तर करायची," मित्र म्हणाला, आणि यांनी नुसती सही केली. धंदा बुडाला, मित्राने काखा वर केल्या, आणि एक दिवस घराला कुलूप लावून बायकामुलांसकट नाहीसा झाला. बँकेला काय, माणूस हवा असतो. मित्र सापडेना, तेव्हा बँकेने यांना धरलं.

"मला एकदा विचारायचं तरी," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली होती. त्यावर त्याने जी मान खाली घातली, ती पुढे कधी पुरती वर आली नाही. आता मित्राला शिव्या द्याव्यात तर तो समोर नाही, आणि नवऱ्याला द्याव्यात तर तो आधीच अर्धा झालेला. ती तरी कुणावर चिडणार? पदर खोचला आणि कामाला लागली.

कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती बसायची. गिऱ्हाइकाने नवी पँट घेतली की लांबी कमी कर, कंबर सैल कर, बाहीला टीप मार. तिथून सुटली की घरी शेजारपाजारची शिलाई. पगार झाला की पहिला थांबा बँक, मग घर. पैसे एकदा घरात आले की त्यांना पाय फुटतात, असं तिचं म्हणणं. कधी चार पैसे जास्तीचे आले, तर तेही ती मुद्दलात भरून मोकळी व्हायची, कारण नुसत्या हप्त्याने व्याजाचंच पोट भरतं हे तिला पहिल्या वर्षी कळून चुकलं होतं. बाजारात जायचं ते जेवून, आणि दुकानं आवरायच्या वेळेला, म्हणजे भाजीवालाच हाका मारतो. भात निम्मा शिजला की आच बंद, वर जड झाकण, उरलेला आपला आपण शिजतो. साबणाचे तुकडे ओले करून एकमेकांना चिकटवायचे. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर विरली की उसवून उलटी लावायची, पुढे दोन वर्षं बघायला नको.

चादरींचं तर तिने शास्त्रच केलं होतं. चादर मधोमध विरते, कडेला धडधाकट राहते. मग ती उभी फाडायची, कडा आत आणायच्या, मध्ये शिवण घालायची. चादर पुन्हा नवी. फक्त ती शिवण रात्रभर पाठीला टोचते. "आई, माझ्या पाठीवर तुझी टीप उमटलीय," लेक म्हणायची आणि हसायची. गुणाची पोर. पण एकदा मैत्रिणीकडे राहून आल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्यांच्याकडे चादरीला मध्ये काहीच नसतं गं." ते वाक्य मात्र आईच्या मनातून जाता जाईना. दमून अंथरुणावर पडली की ते हटकून आठवायचं.

हे सगळं तिने सोसलं. जड गेलं ते एकच, ताईशी बोलणं बंद केलं ते.

ताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा वेणी घालण्यापासून बोलणी खाण्यापर्यंत सगळं ताईकडूनच. ताई राहायची दूरच्या गावी, सकाळची बस धरली तर संध्याकाळी पोचायचं इतकं दूर. नवरा गेलेला, मूल नाही, बालवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळून आता घरीच बसलेली. तिच्यासाठी ही पन्नाशीची बाईसुद्धा अजून "धाकटी"च. आणि खरं सांगायचं, तर धाकटीलाही जगात तेवढी एकच हाक आवडायची.

कर्ज गळ्यात पडलं तेव्हा दोघींनी ठरवलं, फोनवर खर्च नको. रोज सकाळी चहा ठेवताना ताईने एक रिंग द्यायची आणि कट करायचं. म्हणजे, मी बरी आहे. मग धाकटीने एक रिंग द्यायची. म्हणजे, मीही. उचलायचा नाही, उचलला की पैसे कापले जातात. "आणि कर्ज फिटलं की ये," ताई म्हणाली होती, "मग पोटभर बोलू."

पुढे बोलणं स्वस्त झालं. लेक म्हणाली, "आई, माझ्या फोनवरून बोल की मावशीशी. पैसे पडत नाहीत आता." "तुझ्या फोनचे पैसे काय आकाशातून येतात?" असं म्हणून तिने विषय मिटवला. खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिने लेकीलाच काय, नवऱ्यालाही सांगितलं नाही. ताईला तिच्या नुसत्या "हॅलो"वरून सगळं कळायचं. आवाज थोडा ओला लागला असता, तर ताईने होतं नव्हतं ते विकून पैसे पाठवले असते. म्हणून तोंड बंद. पत्रं सुरुवातीला लिहिली, पण पत्रात "आमचं मजेत आहे" लिहायला हात धजेना, तेव्हा तीही सुटली.

बोलायचं मात्र साठत गेलं. मशीन मारता मारता ती मनात ताईशी बोलायची. लेकीला पहिला पगार मिळाला तो दिवस. यांना ताप आला आणि तापात ते मित्राचंच नाव घेत राहिले ती रात्र. चादरीची गोष्ट. हे सांगायचं, ते सांगायचं, सगळं कर्ज फिटल्यावर.

शेवटच्या वर्षात ताईची रिंग बिघडली. एकदा वाजून थांबायची, ती आता तीनदा, चारदा वाजायला लागली. धाकटी चहाच्या आधणाजवळ उभी राहून वाट बघायची, आता कट करेल, मग कट करेल. फोन आपला वाजतोच आहे.

"उचल ना," नवरा म्हणाला. "काही म्हणायचं असेल त्यांना."

"उचलला तर तिचे पैसे जातील."

"जाऊ देत की थोडे."

"थोडे थोडे करूनच जातात," ती म्हणाली. त्याने टॉवेल उचलला आणि आंघोळीला गेला. या विषयात त्याने केव्हाच बोलायचं सोडलं होतं.

हळूहळू फोन पुरता वाजून आपोआप बंद पडेपर्यंत मजल गेली. धाकटीला आधी राग आला, ताईला साधा नियम पाळता येत नाही म्हणजे काय. मग धास्ती वाटली. एका सकाळी तिने जीव मुठीत धरून फोन उचलला. "ताई? ताई, बोल ना, काय झालं?" पलीकडून श्वास ऐकू आला, भांडं ठेवल्याचा आवाज आला. ताई आहे, तिथेच आहे, आणि एक अक्षर बोलत नाही. थोड्या वेळाने फोन बंद झाला.

दिवसभर तिची टीप वाकडी पडत होती. एका गिऱ्हाइकाची पँट तर तिने दोन बोटं जास्तच कापली आणि भरपाई पगारातून द्यावी लागली. रागावलीय ताई, दुसरं काय. सात वर्षांत एकदा आली नाहीस, एक शब्द बोलली नाहीस, आता मी तरी का बोलू, असंच असणार. तिच्या जागी कुणीही रागावलं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन वाजत राहिला. धाकटी नुसती बघत राहिली. पुन्हा उचलून ती शांतता ऐकायची तिची छाती झाली नाही.

शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी बँकेतल्या मुलीने कागदावर शिक्का मारून दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. एवढंच. धाकटीला वाटलं होतं, पाय हलके होतील, निदान रडू तरी येईल. काही नाही. बाहेर येऊन ती पायरीवर बसली, कारण गुडघे दुखत होते. घरी नवऱ्याने तो कागद दोन्ही हातांत धरला. "तू जा ताईंकडे," तो म्हणाला. "उद्याच जा. माझ्यामुळे राहिलंय ते."

ती गेली. दिवसभर बसमध्ये मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होती. पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दाराच्या फटीतून उजेड येत होता. तिने कडी वाजवली. पुन्हा वाजवली. "ताई, मी आहे. धाकटी." मग बाजूच्या खिडकीतून डोकावली. ताई दाराकडे पाठ करून बसली होती, कांदे निवडत होती, काही झालंच नसल्यासारखी शांत. केस किती पांढरे झालेत, आधी तेच मनात आलं. तिने खिडकीवर थाप मारली. ताईने मान वळवली नाही.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका राग? दारात उभं करायचं?

शेजारची बाई बादली घेऊन बाहेर आली. "अहो, तशा नाही उघडणार त्या," ती म्हणाली. "ते दारावरचं मेन बटण आहे ना, ते खाली-वर करा. दिवा मिचमिचला की कळतं त्यांना, कुणीतरी आलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ऐकू कुठे येतं त्यांना. वर्ष-दीड वर्ष झालं. तुम्ही कोण?"

धाकटीने हात वर करून बटण खाली-वर केलं. दिवा विझला, लागला, विझला, लागला. आतली पावलं दाराशी आली.

ताईने तिला पाहिलं आणि दोन्ही हातांनी तिचा चेहराच धरला. "आलीस," ती मोठ्याने म्हणाली, कानात दडे बसलेली माणसं बोलतात तेवढ्या मोठ्याने. "फिटलं?" धाकटीने मान हलवली. तेवढं ताईला पुरलं. मग तीच बोलत सुटली. "माझी रिंग येत होती ना रोज? तुझी आलेली फोनच्या उजेडावरून कळायची, पण माझी वाजलेली कळायची नाही. म्हणून मनात आकडे मोजायची. मग वाटायचं, कमी तर मोजले नाहीत? गेलीच नसेल तर तू घाबरशील. म्हणून अजून थोडे मोजायची."

धाकटी तिला धरून आत आली आणि दोघी बसल्या. "डॉक्टर?" तिने विचारलं. मग कानाला हात लावून पुन्हा विचारलं.

"गेले होते सुरुवातीला. यंत्र बसवा म्हणाले. लवकर बसवलं तर बरं, नाहीतर नंतर कितपत उपयोग होईल सांगता येत नाही. पैसे होते की. अजून आहेत, डब्यात." ताईने फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. "पण तू काही कळवायची नाहीस. पत्र नाही, बोलणं नाही. म्हटलं, पोरीचं कठीण दिसतंय. उद्या बँकेने घराला टाळं लावलं तर धाकटीच्या हाताला चार पैसे हवेत. माझे कान काय, कुठे पळून जातायत?"

आम्ही तगतोय, एवढं एकदा, नुसतं एकदा सांगितलं असतं तर. ओल्या आवाजात सांगितलं असतं तरी चाललं असतं. धाकटीने ताईचे पैसे वाचावेत म्हणून तोंड बंद ठेवलं होतं, आणि त्या बंद तोंडापायी ताईचे कान गेले. कुणाला दोष द्यायचा, आणि देऊन काय करायचं?

"उद्या आधी यंत्र," ती ताईच्या कानाशी ओरडली. बाहेर शेजारणीची बादली थांबली. "उद्या!"

"बघू," ताई म्हणाली.

"बघू नाही. जायचं."

ताईला ते कळलं की नाही कोण जाणे. ती हसली, चहा टाकते म्हणाली आणि उठली. उठता उठता तिने दिवा बंद केला. "खिडकीपाशी बसू," ती म्हणाली. "अजून आहे की उजेड तिथे."

खोलीत संधिप्रकाश पसरला. ताईचा चेहरा अर्धाच दिसत होता, म्हणजे ताईला तिचाही तेवढाच दिसत असणार. धाकटी उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने दिवा लावला. ताई काहीतरी बोलायला गेली, तर तिने ताईला खांदे धरून दिव्याखाली बसवलं, स्वतः समोर बसली आणि आपल्या ओठांवर बोट ठेवून दाखवलं, इथे बघ.

मग ती पहिल्यापासून सांगायला लागली, एकेक शब्द सुटा करून, हळूहळू.