मगरीकडे पाठ

ओत्सिलेच्या घराण्याचं देवक मगर. आता ज्याचं देवक मगर, त्याने मगरींच्या पाण्यात होडी हाकायचा धंदा करावा का? पण ओत्सिलेने नेमका तोच केला, आणि लोकांनी हसायच्या आधी स्वतःच हसून घ्यायची सवय लावून घेतली.

"आमच्या आजोबांची अक्कल!" तो म्हणायचा. "मोलेपोलोलेला चांगली कोरडी जमीन होती. ती सोडून गुरं हाकत हाकत थेट ओकावांगोच्या दलदलीत आले. म्हणजे देवकाच्या दारातच बिऱ्हाड की!"

मगर दिसली की मान फिरवायची, बाजूला थुंकायचं आणि ती जाईपर्यंत तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. बघितलं तर डोळे लाल होतात. हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. अभयारण्यात येणारे पाहुणे मात्र मगर बघायलाच जीव टाकायचे. मग ओत्सिले होडीच्या मागच्या टोकाला उभा राहून लांब काठी अंदाजाने मगरीच्या दिशेला करायचा आणि तोंड भलतीकडे. "ती बघा, केवढी थोरली!" एकदा त्याच्या काठीच्या टोकाला काठावर कपडे धुणारी सासू निघाली. पाहुण्यांनी तिचे भराभर फोटो काढले. सासू पुढे वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. तेवढाच कानांना आराम, असं तो अजून सांगतो.

केनेल्वे त्याची थोरली लेक. तिच्यावरून गाव त्याला रा-केनेल्वे, म्हणजे केनेल्वेचा बाप म्हणतं आणि बायकोला मा-केनेल्वे. मान द्यायचा तर कुठल्याही बाप्याला नुसतं 'रा'. बापाच्या होडीत बसून पोरगी सगळं शिकली. काठी कशी रेटायची, पाणघोड्याला लांबून वळसा कसा घालायचा, आणि मगर दिसली की मान कशी फिरवायची. गाईडच्या परीक्षेत गेल्या साली ती या शेवटच्या धड्यापायी नापास झाली. परीक्षकाने मगर दाखव म्हटलं, तर बाईसाहेब हुबेहूब बापासारख्या ढगांकडे बघत उभ्या!

यंदाही नापास झाली तर मामा तिला गाबोरोनला आपल्या दुकानात नेणार होता. आणि या मुलखात मामाच्या शब्दापुढे बापाचं काय चालतंय? मा-केनेल्वेने तर लेकीची बॅग दाराशी काढून ठेवली होती. "जाऊ दे, तिकडे मगरी नाहीत," असं ओत्सिले हसत म्हणायचा, पण सकाळची ज्वारीची लापशी ताटात तशीच ठेवून उठायचा. पोरीला वाया घालवणारा गुरू आपणच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेला नवे परीक्षक आले, रा मोथिबी. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यालाही इस्त्री. होडीत दोन गिऱ्हाइकं हवीत असा नियम. एक ते स्वतः, आणि दुसरं कोणी मिळेना म्हणून ओत्सिलेला बसवलं.

"बाबा, तोंड उघडायचं नाही," केनेल्वेने बजावलं.

"मी काय बोलणार, बाई?"

"तुमचं तोंड थांबलेलं मी तरी पाहिलं नाही कधी."

पुढे रा मोथिबी, मध्ये ओत्सिले, मागे काठी घेऊन उभी केनेल्वे. जन्मभर उभ्याने होडी हाकलेला माणूस पहिल्यांदाच गिऱ्हाईक होऊन बसला होता. गुडघे कानाला लागले होते. हातांचं काय करावं कळेना, म्हणून एक हात त्याने पाण्यात सोडून दिला.

पोरगी झकास चालवत होती. कमळांमधून होडी अशी सरकत होती की पाण्याला पत्ता नाही. तेवढ्यात उजव्या काठावर, लव्हाळ्याच्या टोकाला, ती पसरलेली दिसली. ओत्सिलेची मान आपोआप डावीकडे वळली. तो थुंकला. आणि थुंकता थुंकता त्याला परीक्षा आठवली. मागे पोरीनेही हेच केलं असणार! संपलं. चालली गाबोरोनला.

समोर बघतो तर रा मोथिबींची मानही डावीकडे, आणि ते रुमालात थुंकत होते.

"तुम्हीपण?" ओत्सिलेच्या तोंडून निघून गेलं.

"आमचं मूळही मोलेपोलोलेचं, देवक मगरच," रा मोथिबी पुटपुटले. "कुठे बोलू नका, रा."

उजव्या काठाला डुबुक आवाज झाला.

"अहो, ती पाण्यात उतरली!" रा मोथिबींचा आवाज चिरकला. "बघतंय कोण तिच्याकडे?"

"मी बघतेय," केनेल्वे म्हणाली. "बाबा, हात आत."

ओत्सिलेने हात असा ओढला की कोपर बरगडीत बसलं.

"होडीकडेच येतेय. कोणी हलू नका. मी उथळ पाण्यात घेते."

होडी मागे मागे सरकली, लव्हाळे दोन्ही बाजूंनी घासले. आता बघायलाच हवं, असं ओत्सिलेने मनाशी ठरवलं. मान वळवलीही, पण मगरीपर्यंत जायची हिंमत झाली नाही. नजर मध्येच लेकीवर थांबली. पाय रोवून उभी, काठी घट्ट, आणि डोळे पाण्यावरून जराही हलत नव्हते.

"डोळे लाल होतील गं," तो कळवळून म्हणाला.

"होऊ देत. दोन गिऱ्हाइकं गमावण्यापेक्षा बरं." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "गेली. वळा आता दोघं."

काठावर उतरल्यावर रा मोथिबींनी घसा खाकरला. "नियमाने मगर मीही बघायला हवी होती. पण... ऊन फार होतं. तुम्ही साक्ष द्याल ना, रा, की मगर होती?"

"रा, इतकी वर्षं या पाण्यात काढली, एकही मगर धड बघितलेली नाही," ओत्सिले म्हणाला. "पण ही होती."

रा मोथिबी पहिल्यांदा हसले आणि त्यांनी केनेल्वेशी हात मिळवला. पास!

घरी मा-केनेल्वेने आधी लेकीचे डोळे निरखले. स्वच्छ पांढरे. मग नवऱ्याकडे बघितलं.

"अगं बाई! मगर बघितली पोरीने, आणि डोळे तुमचे लाल?"

ओत्सिलेकडे अशा वेळी स्वतःवरचा एखादा विनोद हमखास तयार असायचा. आज त्याने मगर दिसावी तशी मान फिरवली आणि बाहीने डोळे पुसले.

"ती बॅग आधी दारातून उचल," तो म्हणाला.